मॅचच्या दिवशी चर्चचे फाटक उघडे ठेवताना

वानखेडेवर मॅच असली की प्रेक्षकांचे लोंढे चर्चगेटला उतरतात. त्या स्थानकाला नाव मिळाले ते जुन्या मुंबई किल्ल्याच्या एका दरवाजावरून. तो दरवाजा सेंट थॉमस कॅथीड्रलच्या वाटेवर होता. १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, दरवाजाही गेला. १७१८ पासूनचे कॅथीड्रल मात्र आजही उभे आहे. मॅचला जाणाऱ्या माणसाच्या तोंडी चर्चचे नाव येते ते तिकीट काढताना. त्याला तहान लागली, त्याचे मूल हरवले किंवा शेवटची लोकल चुकली, तर त्याला चर्च आठवेल का?

हा प्रश्न आता वरचेवर येतो, कारण स्पर्धा आपल्या दारात येऊ लागल्या आहेत. २०११ च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडेवर झाला. १७ वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक २०१७ मध्ये नवी मुंबई आणि मडगावात आला, मुलींचा २०२२ मध्ये. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तो नेरूळमध्ये. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादेत ठरल्या आहेत, आणि तिथे व वडोदऱ्यात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत.

अशा वेळी पॅरिश कौन्सिल, पास्टोरेट कमिट्या, युवक मंडळे आणि महिला मंडळे यांच्याकडून ठरावीक प्रश्न येतात. हॉलमध्ये मॅच दाखवता येईल का? तिकीट लावले तर? परदेशी पाहुणे उतरवून घेता येतील का? पत्रके वाटायची का? उत्साह दांडगा असतो, पण कागदपत्रांचे भान कमी पडते. कुठे नेमके उलट, नियमांच्या भीतीने फाटकच बंद राहते. दोन्ही टाळता येण्यासारखे आहे.

आधी ठरवा: सेवा कुणाची?

पहिली चूक इथेच होते. ‘एवढी गर्दी येणार, तर आपणही काहीतरी करू’ असे म्हणून मंडळी स्टॉल लावते आणि गर्दी तिला ओलांडून निघून जाते. गर्दी मॅचसाठी आलेली असते, तुमच्यासाठी नाही. म्हणून मॅचमुळे कुणाचा दिवस अवघड होणार आहे, ते आधी शोधा. चर्चपासून एक किलोमीटरच्या परिसराचा साधा नकाशा काढा आणि त्यावर ही माणसे टिपा:

- वाटेवरचे: स्थानक आणि स्टेडियम यांच्या मध्ये चालणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुलांसह आलेली कुटुंबे.
- कामावरचे: बंदोबस्तातले पोलीस, होमगार्ड, सफाई कामगार, कंत्राटी सुरक्षारक्षक. बारा-बारा तास उभे राहूनही त्यांना स्वच्छतागृह मिळत नाही.
- शेजारचे: रस्ते बंद झाल्याने अडकलेले रुग्ण, आवाजाने अभ्यास न होणारी मुले, एकटे राहणारे ज्येष्ठ.
- हटवले जाणारे: फेरीवाले आणि पदपथावर झोपणारे. ‘शहर सुंदर दिसले पाहिजे’ म्हणताना पहिला धक्का यांनाच बसतो. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांआधी भिकाऱ्यांविरुद्ध मोहीम निघाली होती.

यांतला एकच गट निवडा. ज्या मंडळीत वीस माणसे हाताशी आहेत तिने चारही गटांचे ओझे उचलू नये.

करता येण्याजोगी पाच कामे

*१. पाणी, स्वच्छतागृह, बसायला खुर्ची.* सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. फाटकाबाहेर मोठ्या मराठी, हिंदी आणि इंग्रजी अक्षरांत लिहा: ‘स्वच्छतागृह खुले आहे. पैसे नाहीत.’ स्त्रियांसाठी वेगळी सोय आणि कचऱ्याचा डबा हवाच. स्वच्छता करणाऱ्याला त्या दिवसाचा जादा मेहनताना द्या. सेवा मंडळीने करायची आणि घाम त्याने गाळायचा, असे नको.

*२. अभ्यासिका.* फेब्रुवारी-मार्चमध्ये स्पर्धा आली की दहावी-बारावीची परीक्षा आणि फटाके एकदमच येतात. २०२६ चा टी-ट्वेंटी विश्वचषक ७ फेब्रुवारी ते ८ मार्च असा होता. चर्चचा हॉल, पंखे, दिवे आणि देखरेखीला दोन शिक्षक एवढ्यावर हे काम उभे राहते. कोणत्याही धर्माच्या मुलाला प्रवेश, हे दारावरच लिहा.

*३. मुलांचे शिबिर.* २०१० च्या फुटबॉल विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेत शाळांना ९ जून ते १३ जुलै अशी लांब सुट्टी दिली होती. आईबाप कामावर आणि मुले रस्त्यावर, हा धोका ओळखून तिथल्या अनेक चर्चेसनी मुलांसाठी खेळांची शिबिरे घेतली. आपल्याकडे सुट्टी एवढी लांबत नाही, पण मोठी मॅच शनिवार-रविवारी असली की कामगार वस्तीत हाच प्रश्न उभा राहतो.

*४. पाहुणचार.* २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ‘मोअर दॅन गोल्ड’ या नावाखाली वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र आल्या. हॉटेलचे दर न परवडणाऱ्या खेळाडूंच्या आईवडिलांना त्यांनी आपल्या घरी ठेवले, आणि प्रवासी केंद्रांवर मदतीला प्रशिक्षित स्वयंसेवक उभे केले. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धांतही हाच पाहुणचार झाला. आपल्याकडे परदेशी पाहुण्यांबरोबरच महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या खेड्यांतून आलेल्या प्रेक्षकांचाही विचार करा.

*५. मॅच पडद्यावर.* ज्याच्या घरी मोठा टीव्ही नाही किंवा तिकीट परवडत नाही, त्याच्यासाठी. हे काम दिसायला सोपे आहे, पण सर्वाधिक नियम यालाच लागू होतात. म्हणून त्यासाठी पुढे वेगळा भाग आहे.

तयारीचे टप्पे

- तीन महिने आधी: मंडळीच्या सभेत ठराव करून घ्या. काम कोणते, खर्च किती, जबाबदार कोण, हे लेखी असू द्या. फादर किंवा पाळकांच्या एकट्याच्या शब्दावर सुरू झालेले काम त्यांची बदली होताच बंद पडते.
- दोन महिने आधी: शेजारच्या इतर पंथांच्या चर्चला, मशिदीला, मंदिराला, गुरुद्वाराला भेटा. लंगरचा अनुभव असलेल्यांकडून अन्नवाटपाची शिस्त शिकण्यासारखी असते. पाणी त्यांचे आणि जागा तुमची, असेही जमते.
- एक महिना आधी: स्थानिक पोलीस ठाणे, वाहतूक शाखा आणि पालिकेच्या प्रभाग कार्यालयाला पत्र द्या. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी ‘हो’ ग्राह्य धरू नका. कोणते रस्ते बंद होणार, हे त्याच वेळी विचारा.
- पंधरा दिवस आधी: स्वयंसेवकांची यादी, पाळ्या आणि ओळखपत्रे तयार करा. एका पाळीला चार तासांपेक्षा जास्त नको.
- आदल्या दिवशी: प्रथमोपचार पेटी, टॉर्च, दोरी, फोन क्रमांकांचा फलक आणि जवळच्या रुग्णालयापर्यंतचा मोकळा मार्ग तपासा.
- दुसऱ्या दिवशी: रस्ता झाडा. हिशेब फलकावर लावा.

पंचांग आणि चर्चचे कॅलेंडर शेजारी ठेवून बघायला विसरू नका. २ नोव्हेंबर २०२५ हा रविवार होता आणि मृत भाविकांच्या स्मरणाचाही दिवस. त्याच दुपारी नेरूळला अंतिम सामना होता. पावसामुळे खेळ उशिरा सुरू झाला आणि संपायला मध्यरात्र झाली. २०२२ चा कतारमधला फुटबॉल विश्वचषक २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर असा चालला, म्हणजे जवळपास पूर्ण आगमनकाळ. मिस्सा, उपासना किंवा दफनविधीच्या वेळा बदलायच्या असतील तर दोन रविवार आधी जाहीर करा, आणि ‘मॅच लांबली तर’ या शक्यतेसाठी रात्रपाळीची एक तुकडी राखून ठेवा.

मॅच दाखवायची असेल तर

- तिकीट लावू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३७ नुसार प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीच्या परवान्याविना, पैसे आकारून लोकांना प्रक्षेपण दाखवणे हा हक्कभंग आहे. ‘देणगी प्रवेशिका’ असे नाव दिले तरी अडचण टळत नाही. सक्तीचे चहा-वड्याचे कूपन हाही तोच प्रकार.
- प्रायोजक घेण्याआधी थांबा. फिफा प्रत्येक विश्वचषकासाठी सार्वजनिक प्रदर्शनाची स्वतंत्र नियमावली काढते, आणि तिच्यात प्रायोजकांबद्दलही अटी असतात. त्या त्या स्पर्धेचे नियम वाचा, शंका असल्यास हक्क असलेल्या वाहिनीला लेखी विचारा.
- अ‍ॅपच्या अटी पाहा. एखाद्या तरुणाच्या मोबाइलवरचे सदस्यत्व सहसा घरगुती वापरापुरते असते.
- चिन्हे वापरू नका. पोस्टरवर स्पर्धेचे अधिकृत बोधचिन्ह, शुभंकर किंवा चषकाचे चित्र नको. ‘चला, एकत्र मॅच पाहू’ एवढे पुरेसे आहे.
- आवाज. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो उघड्यावर लावता येत नाही. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेले असू शकतात. अमेरिका खंडातल्या स्पर्धांचे सामने आपल्याकडे अपरात्री येतात. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची वेळ भारतात १९ जुलैच्या मध्यरात्रीनंतर साडेबाराची. अशा मॅच बंद हॉलमध्येच, आवाज बाहेर जाणार नाही अशा बेताने.
- वेदीसमोर पडदा नको. हॉल नसेल तर अंगण वापरा. गोलच्या जल्लोषात पवित्र जागेचा मान राहत नाही आणि मंडळीतले ज्येष्ठ दुखावतात.
- अन्न. धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्यांचाही अन्नसुरक्षेच्या नोंदणीच्या नियमांत समावेश आहे. तात्पुरत्या स्टॉललाही नोंदणी लागते. केटररकडून अन्न घेत असाल तर त्याच्या परवान्याची प्रत मागा.

परदेशी पाहुणे: तीन कागद, तीन सापळे

*नोंद.* परदेशी नागरिक घरी किंवा चर्चच्या विश्रामगृहात उतरला, तर २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावे लागते. ‘सी फॉर्म’ या नावाने ओळखली जाणारी ही नोंद फक्त हॉटेलांपुरती आहे असा गैरसमज सर्रास दिसतो. पाहुणा आला की त्याच दिवशी पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत घ्या. फ्लॅट असेल तर सोसायटीलाही आधी कळवा.

*व्यासपीठ.* पर्यटक व्हिसावर आलेला पाहुणा तुमच्या उपासनेला बसू शकतो. त्याने धर्मप्रवचन करणे किंवा धार्मिक पत्रके वाटणे मात्र व्हिसाच्या अटींत बसत नाही. ‘पाहुणे आलेच आहेत तर दोन शब्द बोला’ हा आपला जिव्हाळ्याचा आग्रह त्याला परत पाठवू शकतो. त्याला टाळ्या द्या, माइक देऊ नका.

*देणगी.* परदेशी नागरिकाने दिलेली देणगी, रुपयांत दिली तरीही, विदेशी देणगी ठरते. ओसीआय कार्ड असलेला आपलाच नातेवाईकही यात येतो, कारण त्याचे नागरिकत्व परदेशी आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम यात धरली जात नाही. विदेशी देणगी नियमन कायदा, २०१० खालची नोंदणी चर्चकडे नसेल तर पाहुण्यासमोर पाकीट किंवा क्यूआर कोड ठेवू नका. आभार माना आणि नम्रपणे नकार द्या.

मुले: इथे तडजोड नाही

- एका मुलासोबत एकटा मोठा माणूस कधीच नसावा. प्रत्येक खोलीत दोन प्रौढ, त्यांतली एक स्त्री.
- मुलाला कोण घेऊन जाणार, त्याचे नाव आणि फोन पालकांनी सकाळीच लिहून द्यावा.
- हरवलेले मूल सापडले तर आधी पोलीस ठाणे किंवा १०९८. बालन्याय कायदा, २०१५ नुसार सापडलेल्या मुलाची माहिती २४ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. चुकीचा माणूसही तो पाहतो.
- लैंगिक अत्याचाराची शंका आली तर ती मंडळीच्या कमिटीपुढे ‘मिटवण्याची’ गोष्ट नाही. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत.

फेरीवाले आणि पदपथावरचे: हक्क माहीत करून घ्या

इथे वडापाव वाटण्यापेक्षा माहिती वाटणे जास्त मोलाचे. पथविक्रेता कायदा, २०१४ काय सांगतो, ते मोठ्या अक्षरांत छापून फाटकावर लावा:

- स्थलांतर किंवा निष्कासन करायचे तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते.
- माल जप्त केला तर जप्त वस्तूंची यादी मिळणे हा विक्रेत्याचा हक्क आहे.
- विक्रेत्याने मागणी करून शुल्क भरले की नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत मिळायला हवा.

मंडळीत वकील किंवा निवृत्त सरकारी अधिकारी असतात. मॅचच्या आठवड्यात त्यांनी रोज दोन तास हॉलमध्ये बसून अर्ज लिहून द्यावेत. पदपथावर झोपणाऱ्यांसाठी पालिकेच्या रात्र निवाऱ्यांचे पत्ते आधीच काढून ठेवा, आणि कुणाला न्यायचे असेल तर त्याच्या संमतीनेच.

रस्त्यावर अपघात झाला तर मदतीला कचरू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १३४-अ नुसार जखमीला मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. या तरतुदीतल्या मदतनीसाला इंग्रजीत जे नाव आहे ते थेट येशूच्या दाखल्यातून, चांगल्या शोमरोन्याकडून आलेले आहे. निदान आपण तरी वाट वाकडी करून पुढे जाऊ नये.

पत्रके वाटायची का?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, म्हणून सरळ उत्तर: मदतीच्या टेबलावर नको.

पहिले कारण नियमांचे. ऑलिम्पिकच्या ठिकाणी धार्मिक प्रचाराला ऑलिम्पिक सनदेच्या नियम ५० नेच मनाई आहे, आणि स्टेडियमच्या आवारात आयोजकांचेच चालते. राज्याराज्यांत धर्मांतरविषयक कायदे आहेत. २००३ च्या गुजरातच्या कायद्यात प्रलोभनाने होणारे धर्मांतर गुन्हा आहे, आणि वस्तुरूप भेटही प्रलोभनात मोडते. पाण्याच्या बाटलीसोबत पत्रक दिले की तुमची बाटली तुमच्याच विरुद्ध पुरावा होऊ शकते.

दुसरे कारण त्याहून मोठे आहे. तहानलेल्याला पाणी देताना अट घातली की ते पाणी उरत नाही, तो सौदा होतो. कुणी आपणहून विचारले, ‘तुम्ही हे का करता?’ तर मोकळेपणाने सांगा. आपल्या श्रद्धेबद्दल बोलण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २५ ने तुम्हाला दिलेला आहे. चर्चच्या दारात उपासनेच्या वेळांचा फलकही असू द्या. फक्त विचारणाऱ्याला उत्तर द्या. न विचारणाऱ्याला पाणी.

हरलेल्या रात्रीची तयारी

जिंकल्यावर रस्ते भरतात, हरल्यावर घरांत भांडणे होतात. सट्ट्यात पैसे गेलेला तरुण आणि दारू पिऊन आलेला नवरा, हे दोघेही त्या रात्री तुमच्याच वस्तीत असतात. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली आहे, तरी छुपी सट्टेबाजी थांबलेली नाही. युवक मंडळातच ‘अचूक स्कोअर सांगा, पैसे जिंका’ असा खेळ नको. सवय तिथूनच लागते.

महिला मंडळातल्या दोघींनी त्या रात्री फोन सुरू ठेवावा आणि वस्तीतल्या बायकांना तो नंबर आधीच माहीत असावा. मार खाऊन आलेल्या बाईला ‘सहन कर, प्रार्थना कर’ सांगून परत धाडू नका. तिला बसवा, पाणी द्या, आणि तिच्या इच्छेने १८१ ला फोन लावा. फलकावर हे क्रमांक ठळक लिहा:

- तातडीची मदत: ११२
- महिला: १८१
- मुले: १०९८
- रेल्वे प्रवासी: १३९
- ऑनलाइन आर्थिक फसवणूक: १९३०
- मानसिक आधार: १४४१६

येत्या रविवारी एवढे करा

उपासना संपल्यावर पंधरा मिनिटे थांबा आणि तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा. आपल्या एक किलोमीटरमध्ये मॅचचा सर्वाधिक त्रास कुणाला होईल? त्यासाठी आपल्याकडे आज काय आहे: हॉल, नळ, गाडी की नर्स? आणि कोणती परवानगी कुठून घ्यायची? उत्तरे सापडली नाहीत तर मोठा बेत सोडून द्या. नळ आणि स्वच्छतागृह उघडे ठेवले तरी पुष्कळ झाले. पण त्या रात्री फाटकाची किल्ली कुणाकडे राहील, त्या माणसाचे नाव मात्र उठण्याआधी ठरवून घ्या.